फळीच्या अलीकडे

१

बराकीच्या तळघराकडे जाणाऱ्या जिन्याला मध्येच एक वळण आहे. मास्तर त्या वळणावर सापडले. डोकं भिंतीशी, पाय वरच्या पायरीवर, आणि पायांत नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, मऊ सपाता. बूट मात्र वर जिन्याच्या तोंडाशी होते, एकाशेजारी एक, नीट लावून ठेवलेले. अधीक्षकबाईंनी सकाळी बराक उघडली तेव्हा त्यांना आधी ते बूटच दिसले. "मास्तर, आज उजाडताच खाली?" अशी हाक मारून त्या कचेरीत गेल्यासुद्धा. बऱ्याच वेळानं त्यांच्या लक्षात आलं, की मास्तरांनी ओ दिलीच नव्हती.

पोलीस आले, त्यांनी पाहिलं, मोजमाप घेतलं. म्हातारा माणूस, झिजलेल्या पायऱ्या, पायांत निसरडं पादत्राण. अपघात. कुणाला शंका यावी असं त्यात काही नव्हतं.

सगळे विधी उरकल्यावर मास्तरांची लेक वडिलांची खोली आवरायला बराकीत आली. खोली व्हरांड्याच्या टोकाला, जिन्याला लागूनच. निवृत्तीनंतर मास्तर रोज इथे यायचे आणि येईल त्याला बराक दाखवायचे. इथे आधी शिपाई राहिले, मग लढाईतले जखमी आले, मग घरंदारं सुटलेल्या माणसांनी बंदुका टेकवून ठेवायच्या लाकडी घोड्यांना दोऱ्या बांधून लुगडी वाळत घातली, मग सरकारी भंगार आलं आणि शेवटी वटवाघळं आली. "वटवाघळांनीच तेवढी नासधूस केली नाही," असं म्हणून मास्तर पुढच्या दालनात शिरायचे.

पोलिसांनी परत केलेल्या कपड्यांची पिशवी तिनं टेबलावर मोकळी केली. सदरा हातात घेऊन ती बराच वेळ नुसती उभी राहिली. मग सपाता उचलल्या आणि बोटात काहीतरी कचकन घुसलं.

टाचेच्या घडीत सुई होती. दोऱ्यासकट. सपाता नव्याकोऱ्या होत्या, बाबा याच टेबलावर शिवत असलेल्या, तळव्याला अजून कच्चे टाके होते.

ती खुर्चीवर बसली. सुई लोखंडी होती. आणि तिचे वडील लोखंडाचा कण तळघरात नेत नसत.

ती रीत तिला बोलता येऊ लागलं तेव्हापासून पाठ होती. तळघर म्हणजे बंदुकीच्या दारूचं कोठार. नालाचा बूट दगडावर घासला, ठिणगी उडाली, की बराक, शिपाई, गाव, सगळं आकाशात. म्हणून जिना उतरून गेल्यावर आधी एक आडखोली लागते आणि तिच्या मधोमध गुडघ्याइतकी उंच फळी उभी आहे. फळीवर बसायचं. बूट, किल्ल्या, घड्याळ, पट्टा, सगळं फळीच्या अलीकडे ठेवायचं. पाय उचलून पलीकडे टाकायचे आणि पलीकडच्याच सपाता घालायच्या. त्या सपाता घालून अलीकडे पाऊल टाकायचं नाही, कारण तळव्याला चिकटलेला वाळूचा एक खडादेखील आत जाता कामा नये. कोठारात दारू उरली नव्हती त्याला पिढ्या लोटल्या होत्या. तरी मास्तर नियम मोडत नव्हते. कुणी हसलं तर म्हणायचे, "दारू गेली, पण खोलीला ते कुणी सांगितलेलं नाही."

लहानपणी त्या फळीवर बसून पाय पलीकडे टाकताना बाबा तिला काखेत धरून उचलायचे.

म्हणजे सपाता पायांत असताना बाबा जिन्यावर असणं शक्यच नव्हतं. बूट जिन्याच्या तोंडाशी असणं शक्य नव्हतं. आणि सुई टोचलेल्या, अर्धवट शिवलेल्या सपाता तर या टेबलावरून खाली गेल्याच नसत्या.

त्या त्यांनी घातल्या नव्हत्या. कुणीतरी त्यांना घातल्या होत्या, आणि तेव्हा सुई टोचते म्हणून सांगायला ते उरले नव्हते.

२

सपाता हातात घेऊन ती तडक कचेरीत गेली. एवढंच चुकलं तिचं.

कचेरीत तिघं चहा पीत होती. अधीक्षकबाई, कंत्राटदार आणि कप्तानसाहेब.

कंत्राटदार गोलमटोल, सतत घामेजलेला, बोलायला मोकळा. बराकीच्या त्या टोकाला भिंत तडकली होती, म्हणून तळघर भरावानं बुजवून वर काँक्रीट ओतायचं काम त्याच्याकडे आलं होतं. कप्तानसाहेब उंच, ताठ, सत्तरी गाठूनही इस्त्रीच्या घडीसारखे. फाटकाशी ज्या तरुण शिपायाचा अर्धपुतळा आहे तो त्यांचा आजोबा. बराकीला आग लागली तेव्हा तो सोबत्यांसह कोठारात शिरला, आतून दार लावून घेतलं, ओल्या घोंगड्यांनी दार झाकून ठिणगी आत येऊ दिली नाही. सोबती धुरानं गेले, तो वाचला आणि गावही वाचलं. पुढच्या महिन्यात दुरुस्त झालेल्या बराकीला त्याचंच नाव देणार होते.

"बस ना गं," अधीक्षकबाई म्हणाल्या. "चेहरा बघ कसा झालाय! चहा सांगू?"

"बाबांच्या सपातांत सुई आहे," ती म्हणाली.

"असणारच," कंत्राटदार म्हणाला. "रोज शिवत बसायचे. मी म्हटलं, मास्तर, एखादा फ्रॉक पण शिवून टाका नातीला."

"लोखंडी सुई. ती घेऊन ते खाली जातील?"

कप्तानसाहेबांनी कप बशीत ठेवला, आवाज न करता.

"दुःखात माणसाला काहीही दिसतं, मुली," ते म्हणाले, फार मायेनं. "तू घरी जा. आम्ही आहोत."

ती खोलीत परतली. मागोमाग कचेरीतून एकेक जण उठल्याचं तिला ऐकू आलं. कंत्राटदार कामगारांवर ओरडत गेला, बाई कुठल्याशा शिक्क्यासाठी कपाटाच्या खोलीकडे, कप्तानसाहेबांची काठी फाटकाच्या दिशेनं. तिनं सपाता टेबलावर ठेवल्या आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या नळावर तोंड धुवायला गेली. डोळ्यांवर पाणी मारताना तिला उगीचच वाटलं की पाठीमागे कुणी उभं आहे. वळून पाहिलं तर लांबच लांब व्हरांडा आणि खांबांच्या सावल्या.

परत आली तेव्हा सपाता जागच्या जागी होत्या. तिनं टाचेची घडी उलगडली.

सुई नव्हती. कच्चे टाकेही कुणीतरी ओढून काढले होते.

३

"बाई, माझ्याकडे जिवंत माणसांच्या तक्रारी ढिगानं पडल्यात," इन्स्पेक्टर म्हणाले. त्यांची पाठ धरली होती, कमरेला पट्टा होता, आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसताना त्यांनी तीनदा "आई गं" केलं होतं. "चपलांवरून खून सिद्ध करायला मी काय मोची आहे?"

"सुई चोरीला गेली."

"सुई चोरीला गेली, अशी फिर्याद लिहून घेऊ? स्टेशनात तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला."

पण ते उठले नाहीत. तिनं फळीची रीत सांगितली, ती त्यांनी शेवटपर्यंत ऐकली. मग विचारलं, "वडिलांचं कुणाशी वैर?"

"नाही. शेवटच्या फोनवर म्हणाले, इतिहास सगळे दाराच्या पुढच्या बाजूनं वाचतात, मी मागची बाजू खरवडतोय. काय सापडलं विचारलं, तर म्हणाले, तू ये, दाखवतो. पण आधी एका माणसाला सांगायला हवं, त्याचा तो हक्क आहे."

"कुठल्या माणसाला?"

"ते नाही सांगितलं."

इन्स्पेक्टरांनी हनुवटी खाजवली. "तळघर कधी बुजवणार?"

"उद्या सकाळी."

"मग तुमच्याकडे आजचा दिवस आहे. मला कोर्टात जायचंय. संध्याकाळच्या आत येतो. तोवर तुम्ही गप्पा मारा सगळ्यांशी. तुम्ही लेक आहात, तुमच्याशी बोलताना माणसं सांभाळून बोलतील. सांभाळून बोलणारा माणूस जास्त चुकतो." उठताना ते पुन्हा कळवळले. "आणि एकट्यादुकट्या त्या खड्ड्यात उतरू नका. एक म्हातारा पडला तर अपघात. पाठोपाठ लेक पडली तर लोक म्हणतील, बापाच्या दुःखानं गेली. फार सोयीचं होईल कुणाला तरी."

ते हे सहज म्हणाले. ती जिन्यापासून दोन पावलं लांब सरकली.

४

कंत्राटदार विटांच्या ढिगावर उभा होता.

"ताई, मास्तरांचं काय सांगू! माप घ्यायला गेलो तर मला पोरासारखं फळीवर बसवलं. म्हटलं, माझे गुडघे वाकत नाहीत. तर म्हणतात, मग गुडघे अलीकडे ठेवा आणि बाकीचे आत या!" तो हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "टेपसुद्धा नेऊ दिली नाही, पोलादी म्हणून. शेवटी दोरीनं मापलं."

"तुमचं भांडण झालं होतं ना? तळघर बुजवण्यावरून?"

"रोज व्हायचं. मी म्हणायचो भिंत पडेल, ते म्हणायचे मी धरून उभा राहतो. माणसाला मारून माझा काय फायदा? काम तर मंजूर झालेलंच होतं."

कप्तानसाहेब पुतळ्याजवळ होते. रुमालानं दगडी खांद्यावरची धूळ झटकत होते. ती जवळ गेली तसे ते वळले.

"गेली नाहीस अजून?"

"मन निघत नाही."

"साहजिक आहे." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात जड होता. "मीही रात्रभर हाच विचार करतो, मुली. या फौजी रीतीनंच त्यांचा घात केला. जिन्याच्या तोंडाशी बूट काढायचे, सपाता चढवायच्या, मग पायरी उतरायची. दगड आधीच गुळगुळीत, त्यात पायाला नमदा. मी शंभरदा बजावलं, मास्तर, रीत पाळता पाळता जीव जाईल."

तिनं मान हलवली. तो हात डोक्यावर असताना मान हलवण्यापलीकडे दुसरं काही करायचं तिला सुचलं नाही.

"खरंय," ती म्हणाली. आवाज बरा निघाला. "मी निघते."

काठीचा आवाज मागून येतो का, हे ऐकत ती चालत राहिली. पळायचं नाही, असं स्वतःला बजावत कचेरीपर्यंत पोचली.

"बाई, तुम्ही तळघरात उतरला आहात?"

"न उतरून सांगते कुणाला! तपासणी असते ना," अधीक्षकबाई म्हणाल्या. "पहिल्यांदा गेले तेव्हा फळीच्या अलीकडे केसांतल्या पिनासुद्धा काढून ठेवायला लावल्या. केस मोकळे सोडून सरकारी तपासणी केली मी, एखाद्या चेटकिणीसारखी! आता त्या दिवशी दोऱ्यानंच वेणी बांधून येते."

"आणि कप्तानसाहेब?"

"ते? छे! दरवर्षी हार घालतात तोही वरच्या पायरीवरून. मास्तर वरच लोकांना सांगायचे ना, इथे नालाचे बूट चालत नाहीत, नमद्याच्या सपाता घालाव्या लागतात म्हणून. कप्तानसाहेब शेजारी सलाम ठोकून उभे असायचे. त्यांच्या घराण्यात कुणी खाली पाऊल टाकत नाही. पवित्र जागा म्हणून. आजोबांनीच घालून दिलेला दंडक आहे तो, कडक."

लेकीनं दाराच्या चौकटीला हात टेकला.

या बराकीत रीत माहीत असलेली माणसं दोन प्रकारची होती. जी खाली गेली होती त्यांना फळी माहीत होती, आणि फळी माहीत असलेला माणूस मास्तरांचे बूट वर ठेवणार नाही, खाली फळीशी ठेवेल. ज्यानं ते वर ठेवले त्यानं सपातांबद्दल फक्त ऐकलं होतं. वरच्या पायरीवर उभं राहून, वर्षानुवर्षं. आजोबांच्या शौर्याची गोष्ट मिरवणारा माणूस एकदाही खाली उतरला नव्हता.

तिनं व्हरांड्याच्या कोपऱ्यात जाऊन इन्स्पेक्टरांना फोन लावला आणि हे सगळं दबक्या आवाजात सांगितलं.

"हं," ते म्हणाले. "डोकं चाललं तुमचं. पण कारण? आणि कोर्टात वकील म्हणेल, जुन्या सपाता फाटल्या असतील, म्हणून नव्या घातल्या. त्याला काय सांगाल?"

"जुन्या खाली असतील. फळीपलीकडे."

"असतील म्हणजे? पाहिल्यात?"

"नाही."

"मग मी आल्यावर पाहू. निघालोच. हलू नका तिथून."

फोन ठेवला तोच अंगणात भरावाची गाडी मागे मागे येऊ लागली. कंत्राटदार हातवारे करत होता. ती धावत गेली. "उद्या होतं ना?"

"होतं, ताई. आत्ताच कप्तानसाहेब म्हणाले, चांगल्या कामाला उद्या कशाला. पोरं पाणी पिऊन आली की टाकायला घेतो. साहेबांचा शब्द कसा मोडू?"

५

ती खाली उतरली. धाडसाची तिला कधीच हौस नव्हती. लिफ्टमध्येसुद्धा ती दुसरं कुणी असल्याशिवाय शिरत नसे. पण गाडीभर विटा आडखोलीत पडल्या की बाबा सपाता घसरून पडलेले एक म्हातारे, एवढेच कायमचे उरणार होते.

वळणावर तिनं भिंतीकडे पाहिलं नाही.

आडखोलीत कामासाठी एक दिवा टांगला होता. फळी होती तिथेच होती. आणि फळीपलीकडे, खुंटीला, बाबांच्या जुन्या सपाता. झिजलेल्या, पण धड.

तिनं फोन उचलून फोटो घेतला. इथून परत फिरायला हवं होतं. पण पलीकडे कोठाराचं दार उघडं होतं, आत काळोख होता, आणि त्या दाराची मागची बाजू बाबा खरवडत होते. आज पाहिली नाही तर ती कुणालाच दिसणार नव्हती.

फळीवर बसून तिनं चपला काढल्या. घड्याळ काढलं, किल्ल्या काढल्या आणि त्यांच्याजवळच फोनही ठेवला. हात आपोआप ते सगळं करत गेले. पाय पलीकडे टाकले, बाबांच्या सपाता घातल्या, आत गेली आणि दार अर्धवट पुढे लोटलं, दिव्याची तिरीप मागच्या बाजूवर पडावी म्हणून.

चुन्याचे पापुद्रे खरवडून बाबांनी निम्मं दार स्वच्छ केलं होतं. जुनं, काळसर लाकूड. कडीच्या उंचीवर त्यांनी मुद्दाम बराच पट्टा मोकळा केला होता. तिथे काही नव्हतं. कडी नव्हती, कडीची खूण नव्हती, बुजवलेलं भोक नव्हतं. या दाराला आतून कधी काही नव्हतंच. ते फक्त बाहेरून लागत होतं.

आतून दार लावून घेतलं, असं फाटकाशी पुतळ्याखाली कोरलेलं होतं.

मग बाहेरून ते लावलं कुणी?

जिन्यावर बूट वाजले. सावकाश येणारे. वळणावर थांबले, बराच वेळ. मग पुन्हा निघाले, आडखोलीत आले, फळीपाशी. फळीपाशी थांबून बूट काढणाऱ्या माणसाचा आवाज तिला ओळखता आला असता. तसा आवाज झाला नाही. बूट सरळ फळी ओलांडून पलीकडे दगडावर आदळले.

दार तिच्या हातून ओढलं गेलं आणि पितळी कडी बसली.

६

अंधार डोळ्यांना दिसतो असं पुस्तकांत वाचलं होतं. हा अंधार डोळ्यांत शिरत होता. तिनं हात चेहऱ्यासमोर धरला, तो नव्हता.

"कप्तानसाहेब!"

बूट लांब गेले, जिन्यापर्यंत, आणि विरले.

तिनं दार बडवलं, ओरडली. भिंती माणसाच्या उंचीइतक्या जाड होत्या, आवाज तिच्याच अंगावर परत आला. आता पोरं पाणी पिऊन येतील. पहिली पाटी फळीवर पडेल. दार बंद आहे, ते मुळातच बंद होतं, असं समजून त्यावर विटा रचतील. कंत्राटदार मास्तरांच्या आठवणीनं डोळे पुसेल आणि काम चालू ठेवील. ती दाराला चिकटून खाली सरकली आणि हातांनी लाकूड चाचपू लागली. फट शोधत, काहीही शोधत.

खाली, गुडघ्याच्या उंचीवर, बोटांना चरे लागले.

आडवे, उभे, एकावर एक. उथळ. काही खूप उथळ. तिनं त्यांवर बोट फिरवलं आणि ते काय आहेत हे समजल्यावर हात मागे घेतला. या खोलीत येणाऱ्या शिपायाजवळ धातू नसे. गुंडी नाही, खिळा नाही, चाकू नाही. त्यांच्याजवळ फक्त नखं होती.

ती तशीच बसून राहिली.

मग बूट परत आले.

ते दाराशी थांबले. पलीकडे कुणीतरी जड श्वास घेत होतं. तिकडूनच आवाज आला, म्हाताऱ्या माणसाचा, नेहमीपेक्षा बराच बारीक.

"आत काय आहे?"

"अंधार आहे," ती म्हणाली.

"दारावर. मास्तर म्हणाले होते दारावर आहे."

"चरे आहेत. खालपासून. नखांचे."



"आणि कडी?"

"तुम्ही आत्ता कुठून लावलीत, कप्तानसाहेब?"

पलीकडे काठी दगडावर पडली. ती उचलल्याचा आवाज आला नाही.

"आजोबा आम्हाला इथे येऊ देत नसत," तो आवाज म्हणाला. "मोठे काका एकदा लहानपणी दोन पायऱ्या उतरले तर त्यांना फोडून काढलं होतं. मला वाटायचं, किती ही भक्ती."

"बाबा तुम्हाला काय म्हणाले?"

"त्यांच्या खोलीत बसलो होतो. निघायचं म्हणून व्हरांड्यात आलो. फार हळू बोलत होते ते, जसं काही मीच आजारी आहे. म्हणाले, दार लावलं म्हणून गाव वाचलं, ते खरंच आहे, ते कुणी काढून घेत नाही. पण एकोणीस वर्षांचं पोर होतं ते. घाबरलं होतं. आतले लोक बाहेर येईपर्यंत थांबलं नाही. एवढं आपण दोघं मिळून सांगू या." तो आवाज तेच पुन्हा म्हणाला. "घाबरलं होतं. आमच्या घरात हा शब्द कुणी कुणाबद्दल काढलेला नाही. मी फक्त हात उगारला. त्यांच्या मागे जिना आहे हे मला... ते मागे सरले."

"तुम्ही कुणाला बोलावलं नाही."

"मान बघितली. काही उरलं नव्हतं."

"आणि सपाता?"

"टेबलावर दिसल्या." दाराला काहीतरी टेकलं, बहुधा कपाळ. "मी घाबरलो, मुली. मग मी घाबरलो."

तिला त्याची कीव येत होती आणि तो अजून कडीच्या त्या बाजूला होता.

"दार उघडा," ती म्हणाली. "वरून पोरं येतील आता. माझ्याच्यानं इथे राहवत नाही. उघडा."

धातू धातूवर सरकला, अडला, पुन्हा सरकला.

७

दिव्याचा उजेड एवढा असतो हे ती विसरली होती. कप्तानसाहेब बाजूला झाले. पलीकडे, फळीच्या अलीकडे, कंबर धरून इन्स्पेक्टर उभे होते आणि त्यांच्यामागे वळणावर कंत्राटदार, तोंड उघडं टाकून.

"तुमच्या चपला दिसल्या फळीशी," इन्स्पेक्टर म्हणाले. "म्हटलं, मालकीणबाई आत आणि दाराशी साहेब, उभं राहून ऐकू या. मध्ये तोंड घालून साहेबांना घाईवर आणायचं नव्हतं." मग कप्तानसाहेबांकडे वळून, नेहमीच्या आवाजात, "चला साहेब. पायरी बघून."

कप्तानसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "आता हे सगळ्यांना सांगशील?"

"हो," ती म्हणाली. "बाबा आधी तुम्हाला सांगणार होते. ते झालं. आता सगळ्यांना."

त्यांनी मान डोलावली. जिना चढताना त्यांना आधार लागला, आणि तो कंत्राटदारानं दिला. काय करावं हे न कळून, रडत रडत.

वर व्हरांड्यात दुपारचं ऊन होतं. भरावाची गाडी तशीच भरलेली उभी होती, पोरं तिला टेकून गप्प होती. अधीक्षकबाईंनी एक खुर्ची आणली, मग पाणी, मग काही न आणता नुसत्याच जवळ उभ्या राहिल्या.

इन्स्पेक्टर बाकावर टेकले. कागद गुडघ्यावर घेतला, पेन तिच्यापुढे धरलं. "अपघात लिहिलं होतं, ते खोडलं. खाली तुमची सही लागेल."

तिनं पेन घेतलं. टोक कागदाला लागेना.

"जरा थांबा," ती म्हणाली. "मी फार घाबरले आहे."

"थांबतो की," इन्स्पेक्टर म्हणाले आणि पाठ सरळ करून बसून राहिले.